चांदीची स्मारक नाणी: झिजलेली घ्यावीत की नवीकोरीच?

पारनाका:
मंडळी, शिकागोजवळ राहतो, नाणी जमवतो. गेल्या आठवड्यात इथल्या नाणेवाल्यांच्या बैठकीत माझा कोलंबियन अर्धा डॉलर टेबलावर ठेवला. शेजारच्या गृहस्थांनी तो हातातही न घेता निकाल दिला, "मोड आहे ही." चिडलो नाही, पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. म्हणून हा धागा.

ज्यांना हे नाणं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोलंबसच्या सफरीला ४०० वर्षं झाली म्हणून १८९३ मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं. त्याच्या खर्चाला हातभार म्हणून अमेरिकेने आपलं पहिलं स्मारक नाणं काढलं. वजन १२.५ ग्रॅम, ९० टक्के चांदी. एका बाजूला कोलंबस, दुसऱ्या बाजूला दोन पृथ्वीगोलांवर त्याचं सांता मारिया जहाज. दर्शनी किंमत ५० सेंट, विक्री मात्र १ डॉलरला. पहिल्या नाण्याला रेमिंग्टन टाइपरायटरवाल्यांनी १०,००० डॉलर मोजले, तेव्हा आयोजक हरखून गेले असणार. पण प्रदर्शनाचं तिकीटच ५० सेंट होतं! म्हणजे एक नाणं घ्या, नाहीतर त्याच पैशात दोनदा आत जाऊन या. त्यात १८९३ ची मंदी, बँका बुडताहेत. लोकांनी काय केलं असेल ते सांगायला नको. एकूण ५० लाखांवर नाणी पाडली, जवळपास निम्मी परत वितळवली आणि उरलेल्यांतली बरीचशी शेवटी ५० सेंटलाच चलनात सोडली. ती मग वाण्याच्या गल्ल्यात, ट्रामच्या तिकिटात, खानावळीत फिरली आणि झिजली.

माझं नाणं त्यातलंच. कोलंबसचा गाल सपाट, केसांचा नुसता गोळा. शिडावरच्या सुरकुत्या गेल्यात. साल मात्र स्वच्छ वाचता येतं. २०१५ साली १४ डॉलरला घेतलं होतं.

माझं म्हणणं एवढंच: नवंकोरं कोलंबियन मला सांगतं की कुणीतरी दुप्पट पैसे देऊन ते कपाटात ठेवलं. झिजलेलं सांगतं की सरकारचा आणि आयोजकांचा बेत फसला. यातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तुम्हाला?

खणखणीत:
पारनाका, लिहिलंय झकास, पण तुमच्या शेजाऱ्याशी सहमत.

नाणं ही मुळात ठशाची कला आहे. कोलंबसचा मुखडा चार्ल्स बार्बरचा, जहाजाची बाजू जॉर्ज मॉर्गनची. दोघंही फिलाडेल्फिया टाकसाळीतले मुरलेले कारागीर. त्यांनी जे कोरलं तेच जर नाण्यावर उरलं नसेल तर तुम्ही नक्की काय जमवताय? गुळगुळीत चकती? लग्नाच्या फोटोतला नवरदेवाचा चेहरा पुसला गेला तर आपण "फोटो फार हाताळलाय हो" म्हणून कौतुक करत नाही.

दुसरं, "दुर्मीळ" हा शब्द तुम्ही वापरला नाहीत, बरं केलंत, कारण इथे पुढे कुणीतरी वापरणारच. वितळवून झाल्यावरसुद्धा नुसती १८९३ साल कोरलेलीच १५ लाखांवर नाणी उरली. झिजलेली तर पोत्याने मिळतात. अशी दहा घेण्यापेक्षा थांबा, पैसे साठवा आणि एकच घ्या, पण बंदा रुपया घ्या.

वऱ्हाडी_पैसा:
बावा, तुमच्या या नियमानं तं आमचा आजा पन मोडीतच निघते. चेहरा पुरा झिजला, पन साल पाठ हाय त्याले सगळे!

मंजिरी_ठाणे:
एक शंका विचारू का, हसू नका. आमच्या देवघरात गांधीजींचं चांदीचं दहा रुपयांचं नाणं आहे. सासूबाई दर लक्ष्मीपूजनाला ते चिंच लावून लख्ख घासायच्या, आता मी पितांबरीने घासते. गांधीजी बरेच पुसट झालेत. ही झीज पारनाकांच्या हिशेबात धरायची का? आणि त्यावर १८६९-१९४८ असं लिहिलंय, तर एका विक्रेत्याने मला "ताई, हे १९४८ चं आहे, लाखात जाईल" असं सांगितलं होतं.

खणखणीत:
मंजिरीताई, आधी त्या विक्रेत्यापासून लांब राहा. १८६९-१९४८ हा गांधीजींचा जीवनकाळ आहे. नाणं जन्मशताब्दीचं, म्हणजे १९६९ चं. १५ ग्रॅम, ८० टक्के चांदी. त्यावर वेगळं साल नाही, आणि नेमका याचाच फायदा घेऊन लोक लाखाच्या बाता मारतात. नाणं छान आहे, पण लाखाचं नाही.

आणि हो, आजपासून घासू नका. वर्षातून एकदासुद्धा नको. हळदकुंकू वाहा, मग नुसत्या मऊ कापडाने टिपा.

पारनाका:
मंजिरीताई, हसण्यासारखं काही नाही, उलट मुद्द्याचं विचारलंत.

चलनातली झीज आणि घासल्याची झीज यांत फरक आहे आणि तो डोळ्यांना दिसतो. हातोहात फिरलेल्या नाण्याचा उंच भाग आधी जातो: गाल, कानावरचे केस, फुगलेलं शीड. खोलगट जागा वाचतात, आणि तिथे वर्षानुवर्षांचा काळपट थर बसतो. म्हणून नाणं वरून फिकट राखाडी, अक्षरांच्या मुळाशी गडद दिसतं. घासलेलं नाणं सगळीकडून एकसारखं चमकतं, खोलातसुद्धा. भिंगाखाली एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसतात. गुळगुळीत आहे आणि वर चकचकीतही आहे, असं नाणं दिसलं की समजावं, कुणीतरी हात साफ केलेत.

पण तुमचं नाणं मी "बिघडलेलं" म्हणणार नाही. ते बाजारात फिरलं नाही, देवघरात फिरलं. फक्त विकायला जाल तर माझ्यासारखा माणूसही जास्त पैसे देणार नाही, हे मोकळेपणाने सांगतो.

सराफकट्टा:
आमची तिसरी पिढी चांदीच्या धंद्यात. आमच्याकडे कोलंबस येत नाही, राणीछाप रुपये येतात. पुरा रुपया एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. घासलेला काट्यावर टाकला की तीन-चार गुंजा कमीच भरतो. त्यात कुणाच्या आजीच्या माळेतला असेल तर कडीचा डाग असतो, डाकाची भेसळ असते. आम्ही वजन करतो, कस बघतो, पैसे देतो. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, पण हे जुनं आहे." काटा जुनं-नवं बघत नाही.

भावनेला भाव नसतो, हे मी धंदेवाईक म्हणून लिहितो आहे. वाईट वाटून घेऊ नये. १९८० च्या जानेवारीत चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेली होती. तेव्हा वडील सांगायचे, भट्टीत काय काय गेलं याची मोजदाद नाही. अमेरिकेतही तेच झालं. सगळ्यात आधी गेली ती झिजलेली नाणी, कारण त्यांना राखून ठेवायचं कारण कुणाकडेच नव्हतं.

पारनाका:
काका, तुम्ही माझ्या विरोधात लिहायला बसलात आणि माझी बाजू मांडून गेलात. झिजलेली आधी भट्टीत जातात आणि नवीकोरी डबीत सुरक्षित राहतात. म्हणजे कमी कमी होत जाणारी कुठली?

सराफकट्टा:
कमी झाली म्हणून किंमत वाढते असं नाही. घेणारा पाहिजे.

तळ_गाठलेला:
घेणारा मी! तुम्हाला माहीत नसेल, पण झिजलेल्यांतली सर्वांत झिजलेली नाणी जमवणारे लोक आहेत. नाण्याची प्रत १ ते ७० अशा मापाने ठरते ना, बाकीचे ७० कडे धावतात, आम्ही १ कडे. नाणं ओळखू आलं पाहिजे, बस. पीसीजीएसने (नाण्यांची प्रत ठरवणारी अमेरिकन कंपनी) अशा नाण्यांना डबीबंद केलं की त्यांच्या याद्यांत सर्वांत खालच्या प्रतीच्या संचांचीही चढाओढ लागते. आणि स्मारक नाण्यांत हे फार अवघड, कारण ती मुळात जपूनच ठेवलेली. हवाईचं १९२८ चं अर्धा डॉलर घ्या. १०,००० च्या आसपासच पाडलेलं, तेव्हाच २ डॉलरला विकलेलं. ते कोण खिशात घालून फिरणार? म्हणून तळाच्या प्रतीचं एखादं निघालंच तर उड्या पडतात.

प्रामाणिकपणे सांगतो, माझ्याकडचा एक बुकर टी. वॉशिंग्टन अर्धा डॉलर (१९४६ ते ५१ मध्ये निघत होता तो) मी दोन वर्षं किल्ल्यांसोबत खिशात ठेवला होता. मस्त उतरलाय.

खणखणीत:
हे वाचून चहा सांडला. चांगलं नाणं मुद्दाम खराब केलंत? आणि त्याला छंद म्हणताय? मूर्तीचं नाक फोडून "प्राचीन" म्हणून विकणाऱ्यात आणि तुमच्यात फरक काय?

तळ_गाठलेला:
माझं नाणं, माझा खिसा. चलनात फिरणं म्हणजे तरी काय, खिशातच फिरणं ना?

पारनाका:
नाही हो, इथे मी चक्क खणखणीत यांच्या बाजूने. तुमच्या खिशात ते एकट्याच माणसाबरोबर फिरलं, कुठेही खर्च झालं नाही. मला झिजलेला चेहरा आवडतो म्हणून मी ही नाणी घेत नाही. १८९४ मध्ये कुणालातरी त्या ५० सेंटची गरज पडली म्हणून घेतो. तुमच्या नाण्यावर गरज नाहीये, फक्त किल्ल्या आहेत.

मन्रोचं १९२३ चं नाणं बघा. निमित्त मन्रो सिद्धांताच्या (अमेरिकेचे अध्यक्ष मन्रो यांनी मांडलेलं परराष्ट्र धोरण) शताब्दीचं, आणि खरा हेतू लॉस एंजेलिसच्या चित्रपटवाल्यांच्या प्रदर्शनाला पैसा उभा करण्याचा. २,७४,००० वर पाडली, चढ्या भावाने पुरेशी खपली नाहीत, आणि बहुतेक दर्शनी किमतीला चलनात गेली. आज ती मिळतात तीही बहुतेक थोडीफार वापरलेलीच. त्या झिजेत एक पूर्ण व्यवहार आहे. यंत्रात फिरवून किंवा किल्ल्यांनी घासून तो कसा आणणार?

अभ्यंग:
कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ११ सप्टेंबर १८९३ ला सर्वधर्म परिषद सुरू झाली ती याच प्रदर्शनाचा भाग म्हणून, याच शहरात. म्हणजे पारनाकांचं नाणं स्वामी विवेकानंदांच्याही हातातून गेलं असू शकतं! त्याची किंमत कोण करणार?

खणखणीत:
आलाच शेवटी हा प्रतिसाद. "असू शकतं" या दोन शब्दांवर जुन्या वस्तूंचा निम्मा बाजार चालतो.

पारनाका:
अभ्यंग, तुमचा उत्साह कळतो, मलाही मोह झाला होता. आपल्या मुंबईहून ब्राह्मो समाजातर्फे बी. बी. नगरकरही त्या परिषदेत बोलले होते, म्हणून मी तर नगरकरांचीही कल्पना करून झालोय. पण नाण्यावर बोटांचे ठसे राहत नाहीत. नाव माहीत नसलेल्या लोकांचंच ते राहू द्या.

मंजिरी_ठाणे:
सगळं वाचलं, पण मला अजून एक कळलं नाही. खणखणीत, तुम्ही कधीच झिजलेलं नाणं घेतलं नाहीत? एकही नाही?

खणखणीत:
वकील आहात का ताई?

घेतलंय. एक. इसाबेला पाव डॉलर, त्याच प्रदर्शनाचा, १८९३. प्रदर्शनाच्या महिला मंडळाने काढून घेतलेलं नाणं. पुढे राणी इसाबेला, मागे गुडघ्यावर बसून सूत कातणारी बाई. दर्शनी किंमत २५ सेंट आणि विकलं तेही १ डॉलरलाच, म्हणजे चौपट. ४०,००० पाडली, वितळवून उरली २४,००० च्या आसपास. विद्यार्थी होतो, नवंकोरं परवडणं शक्यच नव्हतं. कुणीतरी पाव डॉलर म्हणून खर्चून टाकलेलं मिळालं. राणीच्या मुकुटाचे खडे गेलेत. सूत कातणारीचे हात दिसतात, बोटं दिसत नाहीत.

बदलायचं म्हणून घेतलं होतं. चांगलं मिळालं की हे विकायचं, असं ठरवून.

पारनाका:
किती वर्षं झाली?

खणखणीत:
१९.

पारनाका:
माझ्याकडे एक बरं कोलंबियन आहे, शिडावरच्या सुरकुत्यांसकट. अदलाबदल करता? वर पैसे देतो.

खणखणीत:
फोटो टाकतो संध्याकाळी. अदलाबदल नाही.