गर्भपाताचा कायदा बदलला, पण शिकाऊ डॉक्टरांची वृत्ती बदलली का?

रात्रपाळी :
मी स्त्रीरोग विभागात तिसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे. गेल्या महिन्यात आमच्या ओपीडीत एकवीस वर्षांची अविवाहित मुलगी आली. गर्भ साडेएकवीस आठवड्यांचा होता. माझ्या हाताखालच्या पहिल्या वर्षाच्या डॉक्टरने तपासणी नीट केली आणि केसपेपरवर लिहिले, ‘नातेवाइकांना घेऊन येणे.’ ती मुलगी तो कागद दोन्ही हातांत धरून बाकावर बसून राहिली होती. वास्तविक 2021 च्या दुरुस्तीनुसार वीस ते चोवीस आठवड्यांपर्यंत ठरावीक गटांतील स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो, आणि 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात अविवाहित स्त्रियाही येतात हे स्पष्ट केले. संमतीच्या फॉर्म सीवर सज्ञान स्त्रीची एकटीची सही पुरते. नवऱ्याची किंवा वडिलांची सही 1971 च्या मूळ कायद्यानेही कधी मागितलेली नाही. तरीही आम्ही ती मागतो, आणि पुष्कळदा ‘तांबी बसवणार असाल तरच’ असेही वर सांगतो. त्या मुलाला मी रागावले नाही, कारण त्याने हे आमच्याकडूनच उचलले होते. परीक्षेत कलमे विचारली तर तो धडाधड सांगेल. पण रुग्णाशी कसे बोलायचे, हे तो ओपीडीत वरिष्ठांच्या तोंडाकडे पाहून शिकतो. आपला कायदा स्त्रीच्या नुसत्या मागणीवर चालत नाही, तो डॉक्टरांचे प्रामाणिक मत मागतो. म्हणूनच शिकाऊ डॉक्टरची वृत्ती ही त्याची खासगी बाब राहत नाही, असे माझे ठाम मत आहे.

तालुक्याचा डॉक्टर :
आपली तळमळ मला समजते, परंतु जिला आपण वृत्ती म्हणता तिच्यात निम्मी भीती आहे. मार्च 2017 मध्ये सांगली जिल्ह्यात म्हैसाळला बेकायदा गर्भपातांतील पुरलेले 19 भ्रूण सापडले, त्यानंतर दुसऱ्या तिमाहीतील गर्भपात म्हटला की माझ्यासारख्या सरळमार्गी डॉक्टरचाही हात आखडू लागला. कोणती बाई कुठून लिंगनिदान करून आली आहे, हे तिच्या कपाळावर लिहिलेले नसते. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सोखाली (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली) पोलिसांना कळवणे आलेच. अशा वेळी घरचे माणूस समोर असावे असे वाटणे म्हणजे स्त्रीद्वेष नव्हे. दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कायदा माझे मत मागतो, हे आपणच लिहिले आहे. मग ते मत अमुकच असले पाहिजे अशी सक्ती आपण कशी करता? ब्रिटनच्या 1967 च्या कायद्यात सदसद्विवेकाचे, म्हणजे मनाला पटत नसेल तर डॉक्टरला नकार देऊ देणारे, कलम आहे. आपल्याकडे ते नाही, आणि एखाद्या श्रद्धाळू मुलाला बावीस आठवड्यांचा गर्भ हाताळायला लावणे मला अन्यायाचे वाटते.

लेबर रूमची सिस्टर :
दोघेही डॉक्टर मते आणि कलमे यांवर बोलत आहेत, म्हणून मी डोळ्यांदेखत घडणारे लिहिते. पहिली गोळी दिल्यावर एकदोन दिवसांनी पुढच्या गोळ्या सुरू होतात, आणि बाईला प्रसूतीसारख्याच कळा येतात. स्वतंत्र खोली नसल्याने तिची खाट बाळंतिणींच्या रांगेतच असते. शेजारी बाळ रडते आणि ही उशीत तोंड खुपसते. रात्री दोन वाजता गर्भ पडतो तेव्हा जवळ मी, मावशी आणि सर्वांत कनिष्ठ डॉक्टर एवढेच असतो. मत देणारे दोघे घरी झोपलेले असतात. त्या पोराचे हात थरथरताना मी पाहिले आहेत. सकाळी राउंडला त्याला रक्तस्राव किती झाला, वार पूर्ण पडली का, हे विचारतात. तू बरा आहेस का, हे कोणी विचारत नाही. पुढच्या वेळी तो बाईवर खेकसतो. त्याला वृत्ती म्हणायचे की थकवा, ते आपण ठरवा.

रात्रपाळी :
सिस्टर, आपण लिहिलेले वाचून मला खाली मान घालावी लागली. राउंडला तो प्रश्न मीही कधी विचारलेला नाही.

सर, भीतीबद्दल लिहिते. सद्भावनेने केलेल्या कामाला कायद्याचे संरक्षण आहे, आणि पोक्सोखाली कळवताना मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, हेही 2022 च्याच निकालात आहे. लिंगनिदान सोनोग्राफीच्या खोलीत होते, तेथे ते रोखावे. त्याचा संशय प्रत्येक गर्भवतीवर का ठेवावा? सदसद्विवेकाचे म्हणाल, तर बेळगावच्या सविता हलप्पनवार ऑक्टोबर 2012 मध्ये आयर्लंडमधील गॉलवे येथील रुग्णालयात दाखल होत्या. सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही हे ठाऊक असूनही ठोके चालू असल्याने गर्भपात नाकारला गेला आणि जंतुसंसर्गाने त्यांचा मृत्यू झाला. 2018 च्या सार्वमतानंतर तेथे जो कायदा आला, त्यात डॉक्टरला नकार देता येतो. मात्र रुग्णाला विनाविलंब दुसऱ्याकडे सोपवणे त्याला बंधनकारक आहे आणि जीव धोक्यात असेल तर नकाराची मुभाच नाही. असे कलम आपल्याकडे आले तर मी त्याला विरोध करणार नाही. ‘नातेवाइकांना घेऊन येणे’ हा मात्र नकार नव्हे. ती टोलवाटोलवी आहे आणि तिच्यात आठवडे वाया जातात.

तालुक्याचा डॉक्टर :
सोपवण्याची अट मला मान्य आहे. पण माझ्या तालुक्यात सोपवायला दुसरा स्त्रीरोगतज्ज्ञच नाही. बावीस आठवड्यांच्या त्या मुलीला एसटीने जिल्ह्याच्या गावी पाठवणे, हे तरी आपल्या दृष्टीने टोलवाटोलवीहून वेगळे ठरेल का?

रात्रपाळी :
आपण आधी फोन करून तिची खाट निश्चित केलीत आणि दोनांपैकी एक मत स्वतः लेखी देऊन पाठवलेत, तर नक्कीच वेगळे ठरेल. आमच्याकडे आलेल्या मुलीला चोवीस आठवडे पूर्ण व्हायला तेव्हा अडीच आठवडे उरले होते, आणि आम्ही लिहिलेला तो कागद घेऊन ती आधी गावाकडे गेली.