कुंद्याचे खोके आणि चटणीची पाकिटं: ऑफसेट, डिजिटल की ग्रॅव्हर?

खानापूर_गृहउद्योग:
नमस्कार. कुंद्याचे (बेळगावची दुधाची मिठाई) 500 ग्रॅमचे खोके एका वेळी 1000 लागतात. उघडून सपाट केला की खोका 9×12 इंच. शिवाय शेंगा, जवस, कारळं आणि लसूण अशा चार चटण्यांची उभी पाकिटं, प्रत्येकी 300. बेळगावात एक प्रेसवाले ऑफसेट सांगतात, दुसरे डिजिटल, आणि पाकिटांना ग्रॅव्हरचे, म्हणजे फिल्मवर छापायचे कोरीव सिलिंडर करा म्हणून तिसरे मागे लागलेत. मजकूर मराठी, कन्नड, इंग्रजी. काय करावं?

शहापूर_ऑफसेट:
खोका ऑफसेटवरच घ्या, पण 1000 चा आकडा परत बघा. 20×30 च्या शीटवर हे खोके 4 बसतात, म्हणजे 1000 ला 250 शीट. रंग जुळेपर्यंत 75-100 शीट वाया जातात, ऑर्डर केवढीही असो. चार रंगांच्या चार छपाई-प्लेटांचा खर्चही तोच. 2000 छापले की दर खोक्यामागे हा सगळा भार निम्मा होतो. मात्र पत्ता, वजन, किंमत यांतलं काही बदलणार असेल तर जास्त छापून ठेवू नका. किंमत खोक्यावर छापूच नका, शिक्क्यासाठी जागा सोडा.

बोर्ड 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम) एफबीबी, म्हणजे खोक्यांचा फोल्डिंग बॉक्स बोर्ड. करड्या पाठीचा डुप्लेक्स स्वस्त पडतो, पण खाण्याच्या खोक्याला नको. तुमच्याकडच्या पावसात बोर्ड ओल धरतो, वाकतो आणि चिकटवलेली कड सुटते. गठ्ठे प्लास्टिकमध्ये बांधून, जमिनीपासून उंच ठेवा. लागतील तेवढेच उघडा.

डिजिटल_टिळकवाडी:
पहिली खेप 200-300 चीच काढायची असेल तर डिजिटल. पण शीटचा आकार आधी विचारा. 13×19 वर तुमचे दोन खोके बसतात. 12×18 वर कडेची जागा सुटत नाही, म्हणून एकच, आणि दर जवळपास दुप्पट. डिजिटलची शाई म्हणजे टोनर, तो कागदावर थरासारखा बसतो, त्यामुळे घडीवर तडकून पांढरी रेघ दिसते. गडद रंग घडीवर येऊ देऊ नका. लॅमिनेशन करून मगच क्रीझिंग, म्हणजे घडीच्या रेघा दाबून घ्या.

पॅकिंग_उद्यमबाग:
ग्रॅव्हरचा विचार आत्ता सोडा. प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर, पारदर्शक फिल्मवर पांढऱ्याचा आणखी एक, आणि हे सगळं चार चटण्यांना. ऑर्डरही किलोंत घेतात; 300 पाकिटांएवढी फिल्म तर मशीन लावतानाच जाते. साधी उभी पाकिटं घ्या आणि वर लेबल लावा. चारही लेबलांची मांडणी एकच ठेवून नाव, घटक आणि रंगपट्टी बदला, म्हणजे डिजिटलवर चारही एकाच कामात निघतात.

लेबल क्रोमोचं, म्हणजे चकचकीत कागदाचं नको, पीपी प्लास्टिकचं घ्या. शेंगाचटणीचं तेल बोटांवाटे कागदाला लागतं आणि डाग पसरतो. पाकीट भरण्याआधी सपाट असतानाच लेबल लावा की. भरल्यावर सुरकुत्या पडतात, आणि तेलकट जागी गोंद धरत नाही.

तारीख-बॅचच्या चौकोनावर वार्निश किंवा लॅमिनेशन आलं की शिक्क्याची साधी शाई वाळत नाही, पुसली जाते. खोक्यावर तो चौकोन कोरा सोडायला सांगा; पीपीच्या लेबलावर मात्र सॉल्व्हंट शाईचाच शिक्का वापरा.

कुंद्याचं तूप बोर्डात उतरतं, म्हणून आत फूड ग्रेड बटर पेपर हवाच. छापील बाजू खाण्याला लागता कामा नये. शाई आयएस 15495 (अन्नाच्या पॅकिंगवरील शाईचं भारतीय मानक) प्रमाणे आहे असं प्रेसकडून लेखी घ्या.

डीटीपी_निपाणी:
तीन लिप्या आहेत, तिथंच जास्त घोळ होतो. मराठी श्रीलिपी आणि कन्नड नुडी या सॉफ्टवेअरच्या फॉन्टांत टाइप केलेलं असतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की अक्षरं बदलतात. सगळा मजकूर कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करून पीडीएफ द्या. पण कर्व्ह केल्यावर दुरुस्ती होत नाही, म्हणून त्याआधी कन्नड वाचणाऱ्याकडून कागदावर तपासून घ्या. कन्नडचे ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षराचे खाली लिहायचे भाग, ओळीखाली उतरतात. मराठीएवढंच अंतर ठेवलं तर खालच्या ओळीला चिकटतात.

बारीक मजकूर निव्वळ काळ्यात, के 100 (फक्त काळी शाई, पूर्ण 100 टक्के). चार रंगांतून केलेला काळा जुळवणीत केसभर सरकला तरी मात्रा भरून जातात. कटिंगसाठी चारी बाजूंना 3 मिमी जादा, चित्रं 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके) आणि सीएमवायके या छपाईच्या चार रंगांमध्ये.

खानापूर_गृहउद्योग:
खूप आभार. पहिली खेप डिजिटलवर आणि पुढची ऑफसेटवर काढली तर रंग सारखा येईल काय ओ?

शहापूर_ऑफसेट:
तंतोतंत नाही, पण जवळ आणता येतो. डिजिटलचा पसंत पडलेला खोका सही करून नमुना म्हणून जपा, उन्हापासून लांब. ऑफसेट सुरू होताना तो घेऊन स्वतः मशीनजवळ उभ्या राहा, आणि त्याच बोर्डावरची शीट शेजारी धरून मगच छापायला हो म्हणा. केशरी आणि गडद निळा हे सगळ्यात जास्त हलतात. ते मोठ्या पट्ट्यात नसतील तर फरक डोळ्यात भरत नाही.