एचएफचं (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी गाईचं) रक्त वाढवायचं की आधी वैरण बघायची?

कोरडवाहू, आर्वी: आमच्याकडे दुधाचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, कोणत्या वळूचं सीमेन भरलं? गाईला खायला काय घालता, हे कोणी विचारत नाही. वैरणीची सोय नसेल तर एचएफचं रक्त वाढवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) आणि थोडी सरकी ढेप (पेंड) यावर संकरित गाय व्याली की अंगावरची चरबी जाळून दूध देते. पुढं बरगड्या दिसतात, माजावर वेळेत येत नाही, भरली तर उलटते, म्हणजे गाभ राहत नाही. अन् दोष वळूला!

दूधवाला, अचलपूर: नाई पटत भाऊ. गवळाऊले (आपल्या देशी गाईले) कितीबी ढेप चारा, ते रोज 15 लिटरवर जात नाई. जादा खाल्लेलं तिच्या अंगावर चढते, कासेत येत नाई. वरची हद्द जातच ठरवते. मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) करा ना, काहून जात मांगं ठेवता?

कोरडवाहू, आर्वी: हद्द जात ठरवते, मान्य. पण तिथवर पोचायला काय लागतं? 400 किलोच्या गाईला दिवसाला 12 किलोच्या आसपास शुष्क पदार्थ, म्हणजे चारा-खुराक मिळून, त्यातलं पाणी वजा करून. 10 लिटर देत असेल तर दर अडीच लिटरमागं 1 किलो खुराक, शिवाय शरीर पोसायला एक-दीड किलो. म्हणजे पाच-साडेपाच किलो रोज. कुटारानं पोट भरतं, पुरेशी प्रथिनं मिळत नाहीत. त्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की एचएफ खाणंच कमी करते.

पशुसखी, चामोर्शी: तुम्ही दोघंही दुभत्या गाईवरच बोलता जी. कालवडीचं काय? आमच्याकडे जार (वार) पडेपर्यंत चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं दूध, पाजत नाहीत. वासरू तासा-दोन तासांत चीक प्यायला हवं, वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. 25 किलोच्या वासराला अडीच लिटर. दिवस उलटला की चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून रक्तात जात नाहीत. पुढं नुसत्या तणसावर (भाताच्या पेंढ्यावर) वाढवलेली कालवड चांगल्या वळूची असली तरी उशिरा माजावर येते. तिच्या आईबापाचे गुण दिसणार कसे?

दूधवाला, अचलपूर: चिकाचं खरं हाये ताई, आमच्याकडंबी जार पडाची वाट पायतात. पण ज्याच्याकडं ओलीत (पाण्याची सोय) हाये, त्यानं चांगलं रक्त आणाच.

कोरडवाहू, आर्वी: ओलीतवाल्याशी माझा वाद नाही. कोरडवाहूवाल्यानं मात्र अर्ध्या रक्तावर (निम्मं एचएफ, निम्मं देशी) थांबावं, नाहीतर नागपुरी म्हैस घ्यावी. दूध कमी देईल, पण डेअरीत भाव फॅटवर मिळतो, आणि तिचं फॅट 7 टक्क्यांच्या आसपास असतं.