चाळिशीतली मॅमोग्राफी सगळ्यांनी करायचीच का?

उंबरठा: महिला दिन जवळ आला की ऑफिसात मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांच्या कॅन्सरसाठीच्या एक्स-रे तपासणीचं, पॅकेज येतंच, यंदा अर्ध्या किमतीत. मी ४२ची, गाठ नाही, माहेरी कुणाला कॅन्सर नाही. पत्रकावर फायदे भरभरून, तोटा एकही नाही. या तपासणीचा आढावा घेणाऱ्या ब्रिटनच्या मार्मट समितीने २०१२ मध्ये हिशोब मांडलाय, पन्नाशीपासून वीस वर्षं १०,००० बायकांना तपासणीला बोलावलं तर ४३ मृत्यू टळतात पण १२९ जणींना असा कॅन्सर सापडतो जो एरवी आयुष्यभर कळलाही नसता. आपण त्या १२९ मधल्या की नाही हे कुणालाच सांगता येत नाही, ऑपरेशन मात्र होतं. हे आधी सांगा, मग सही घ्या.

कृष्णाकाठची: अगं बाई, आपल्याकडे उलटं दुखणं आहे. माझ्या जावेने गाठ लागूनही आधी दिवाळी होऊ दे मग पोराची दहावी होऊ दे करत वर्ष घालवलं. त्यात तुम्ही असले आकडे टाकता, आधीच टाळणाऱ्यांना आयतं निमित्त!

उंबरठा: मावशी, गाठ लागली तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे, त्यात वाद कुठाय? मी काहीच होत नसलेल्या बाईबद्दल बोलतेय.

लोकलप्रवासी: ब्रिटन कशाला, मुंबईचंच घ्या. टाटा मेमोरियलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला, वय ३५ ते ६४, निम्म्या गटाची दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी, ती पण प्रशिक्षित आरोग्य सेविकांकडून. पन्नाशीपुढे स्तनांच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३०% कमी, पन्नाशीच्या आत मात्र ठळक फरक नाही. शिवाय तरुण वयात स्तन घट्ट असतात, मॅमोग्राफीत गाठ पण पांढरी आणि आजूबाजूचं पण पांढरं.

साधा_माणूस: पण अमेरिकेच्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये ४० पासूनच दर दोन वर्षांनी करा म्हटलंय ना, २००९ला तेच ५० म्हणत होते. तज्ज्ञांचंच ठरत नाही आणि निर्णय बायकोने घ्यायचा? याला निवड म्हणत नाहीत, जबाबदारी झटकणं म्हणतात. डॉक्टरने सरळ सांगावं की करा किंवा नको.

उंबरठा: सांगू दे की, पण का ते पण सांगू दे. आई किंवा बहिणीला झाला असता तर मीही वेगळा विचार केला असता. सध्या हाताने तपासून घेणार, मॅमोग्राफी पन्नाशीला.

कृष्णाकाठची: आणि मधली आठ वर्षं?

लोकलप्रवासी: मावशी, या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर पॅकेजवाल्यांकडेपण नाही. ज्या करणार असतील त्यांनी एवढं तरी विचारा, फिल्म कोण वाचणार आणि काही शंकास्पद निघालं तर बायॉप्सी (तुकडा काढून तपासणं) कुठे, कुणाच्या पैशाने.