स्थानकातल्या कलाकृतीला स्वतंत्र दिवे हवेत की फलाटाचा उजेड पुरे?

रंगरेषा
भुयारी स्थानकात भिंतभर मोझेक बसवतात आणि त्यावर उजेड मात्र फलाटाच्या दिव्यांचाच. चकचकीत तुकड्यांवर दिव्यांची रांग उमटते, चित्र तिच्यामागे हरवतं. मला हे कलाकाराचा अपमान केल्यासारखं वाटतं. संग्रहालयात झोत उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांवर ठेवतात. परावर्तन खाली जातं, डोळ्यांत येत नाही. इथेही तसंच करता येईल, पण ते आराखड्यातच ठरायला हवं. छत बंद झालं की योग्य जागी दिवा बसवायला वावच उरत नाही. स्वतंत्र प्रकाशयोजना नसेल तर कलाकृती बसवूच नये, या मताची मी आहे.

सांधेवाला
साफ असहमत. फलाट म्हणजे कलादालन नव्हे. भिंत झगझगीत आणि फलाटाची कड त्यामानाने अंधारी झाली, तर मोतीबिंदू असलेल्या माणसाने पाऊल कुठे टाकायचं? शिवाय देखभाल. रुळांपलीकडच्या भिंतीवरचा दिवा बदलायचा तर गाड्या थांबलेल्या आणि वीजप्रवाह बंद हवा, म्हणजे रात्रीचे मोजके तास. त्यात रूळ आणि सिग्नलची कामं आधी. दिवे गेलेली कलाकृती दिवे नसलेलीपेक्षा वाईट दिसते.
त्यापेक्षा पृष्ठभाग नीट निवडा. स्टॉकहोमच्या टी-सेंट्रालेन स्थानकात निळ्या मार्गिकेच्या फलाटांवर १९७५ पासून चित्रकार पेर उलोफ उल्तवेद यांच्या निळ्या वेली आहेत. खडबडीत खडकावर रंगवलेल्या, त्यामुळे चकाकीचा प्रश्नच येत नाही.

काजळी
उजेडाचा दर्जाही बघा की! रंग नीट न दाखवणाऱ्या स्वस्त एलईडीखाली लाल रंग मळकट दिसतो. सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचं माप, कमाल १००) ९०च्या वर असलेले दिवे सगळ्या फलाटालाच लावले तर निम्मा वाद मिटेल.

रंगरेषा
@काजळी, रंग सुधारेल, चकाकी तशीच राहील.
@सांधेवाला, कडेचा मुद्दा मान्य, पण दोन्ही उजेड एकमेकांचे वैरी का मानायचे? म्युनिकच्या वेस्टफ्रीडहोफ स्थानकात दिव्यांचे रचनाकार इंगो माउरर यांचे ११ भलेमोठे घुमटाकार दिवे थेट फलाटावरच टांगलेत. कलाकृतीही तेच आणि प्रवाशाच्या पायाखाली उजेड पाडणारेही तेच. चित्राचे दिवेही फलाटाच्या बाजूच्या छतात बसवा, म्हणजे शिडी रुळांवर लावावी लागणार नाही.

सांधेवाला
फलाटाच्या बाजूने चालेल. पण तिथून समोरच्या भिंतीवर झोत टाकलात तर तुमचे ते ३० अंश जमणार नाहीत; तो आडवा जाईल आणि चकाकी उलट फलाटावर येईल. म्हणून चकचकीत मोझेक फलाटालगतच्या भिंतीवर किंवा तिकीट दालनात न्या, तिथे हवे तेवढे दिवे लावा. रुळांपलीकडच्या भिंतीवर खडबडीत कामच हवं.