वाड्याच्या भिंतींना आतून थर: आधी ओल तपासा

उकाडा कमी करण्यासाठी नाशिकच्या पंचवटीतल्या एका जुन्या वाड्याच्या दीड फुटी विटांच्या भिंतींना आतून सरसकट थर्माकोल आणि जिप्सम बोर्ड लावावा, असा एक सल्ला दिला गेला आहे. मला मात्र ही घाई धोक्याची वाटते. निव्वळ उष्णतारोधाचे गणित पाहिले तर थर्माकोल सुचवणाऱ्यांचे म्हणणे खरे आहे, कारण त्याचा साधारण २० ते २५ मिलिमीटरचा थर संपूर्ण दीड फुटी भिंतीइतकी उष्णता अडवतो. पण चुन्यात बांधलेली भिंत पावसाळ्यात ओल शोषते आणि पुढे दोन्ही बाजूंनी ती सोडत सुकते; आतून बंद थर चिकटवला की ती ओल अडकते, गिलाव्याला पोपडे सुटतात आणि भिंतीत गेलेली तुळयांची टोके कुजू लागतात, जे बोर्डामागे असल्यामुळे कित्येक वर्षे दिसतही नाही.

म्हणून आधी गळके पन्हळ दुरुस्त करावे, पायथ्याची ओल थांबवावी, सिमेंटचा जुना गिलावा असल्यास काढावा आणि भिंत एक पावसाळा पाहावी.

शिवाय वरच्या मजल्यावर पत्रा असेल, तर दुपारचा उकाडा मुख्यतः छपरातून येतो; पहिला खर्च तिथेच करावा. भिंतींपैकी फक्त पश्चिमेकडची निवडावी आणि तिच्यावर पर्लाइट (ज्वालामुखीच्या काचेचे तापवून फुगवलेले हलके दाणे) मिसळलेला चुन्याचा गिलावा द्यावा. तो थर्माकोलपेक्षा कमी उष्णता अडवतो, पण भिंतीला श्वास घेऊ देतो, म्हणजे ओल बाहेर पडू देतो. उरलेल्या भिंती आतून उघड्या राहिल्या, तर नाशिकच्या थंड रात्री खिडक्या उघडून त्या गार करता येतात.