देणगीतून रिअल-टाइम पीसीआर घ्यावं का? (आणि अनुदानाचा अडकलेला हप्ता)

पेट्रीडिश
नोंदणीकृत ट्रस्टची रेण्वीय जीवशास्त्राची छोटी प्रयोगशाळा आहे, जिल्ह्याच्या गावी. एक देणगीदार ३० लाख द्यायला तयार आहेत. त्यातून रिअल-टाइम पीसीआर (नमुन्यातलं जनुकांचं प्रमाण मोजणारं यंत्र; कोटेशन २२ लाख) घ्यावं आणि यंत्रावर वडिलांचं नाव लागावं, अशी त्यांची इच्छा. एक कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांचा सामाजिक कामांसाठीचा निधी) काही देऊ म्हणते. दरम्यान केंद्र सरकारच्या अनुदानावरच्या प्रकल्पाचा दुसरा हप्ता आलेला नाही, प्रकल्प सहायकांचे पगार थकतील. कुठला पैसा कशाला वापरावा? नावाच्या पाटीवर जीएसटी लागतो का?

मायक्रोलिटर
आधी यंत्राचा खुराक मोजा. २० मायक्रोलिटरच्या अभिक्रियेत २एक्स मास्टर मिक्स (दुप्पट तीव्रतेचं तयार रसायन-मिश्रण) १० मायक्रोलिटर जातं, म्हणजे ५ मिलीच्या पॅकमध्ये ५०० अभिक्रिया. दोन जनुकं, प्रत्येकी तीन प्रती धरल्या तर एका नमुन्याला ६ वेल (एकेका अभिक्रियेचे खळगे). ५०० भागिले ६, म्हणजे जेमतेम ८३ नमुने, आणि त्यात कंट्रोल व स्टँडर्ड कर्व्ह (तुलनेसाठीच्या अभिक्रिया) धरलेलेच नाहीत. वॉरंटी संपली की वार्षिक देखभाल करार किमतीच्या ५ ते ८ टक्के धरा. ऑनलाइन यूपीएस वेगळा. आरएनए ठेवायला उणे ८० चा फ्रीजर हवाच, तो दिवसाला १५-२० युनिट खातो.

नुसत्या देखभालीला वर्षाला दीड लाख लागले, तर ७ टक्के व्याजाने ते मिळायला साधारण साडेएकवीस लाखांची ठेव लागेल. जवळपास यंत्राच्याच किमतीएवढी! म्हणून २२ लाख यंत्रात घालून उरलेल्या ८ लाखांवर (व्याज ५६ हजार) ते चालेल, असं समजू नका. यंत्र अनुदानाच्या प्रस्तावात मागा. तिथे उपकरणांचा रकाना असतोच, पण प्रकल्प संपल्यावरची देखभाल सहसा कोणी देत नाही. तो खर्च देणगीची ठेव करून तिच्या व्याजातून भागवा.

खर्डेघाशी
वरच्याशी सहमत, पण देणगी कायम निधीत जायची तर पावतीवर आपणच ‘कॉर्पस’ लिहून भागत नाही. ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असं देणगीदाराचं लेखी पत्र घ्या, आणि पैसे आयकर कायद्याने मान्य केलेल्या गुंतवणुकीतच ठेवा. यंत्रासाठी म्हणून दिलेली देणगी कॉर्पस नव्हे. ती ३१ मार्चला शिल्लक राहिली तर वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी खर्च करण्याच्या अटीत अडकते आणि संचयाचा (पुढे खर्चायला शिल्लक ठेवण्याचा) अर्ज वेळेत भरावा लागतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा २०२५ चा कायदा लागू आहे, कलमांचे क्रमांक बदललेत; पावतीपुस्तक जुनं असेल तर सीएला दाखवा.

पाटीचं म्हणाल तर ऑक्टोबर २०१९ चं जीएसटीचं ११६ क्रमांकाचं परिपत्रक वाचा. कृतज्ञता म्हणून नुसतं नाव लावलं, त्यात धंद्याची जाहिरात नसली, तर कर नाही. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ चालेल. दुकानाचा लोगो आणि ‘आमच्याकडे सर्व प्रकारचे…’ चालणार नाही.

हप्ता अडकण्याचं कारण बहुधा यूसीत (अनुदान कसं खर्चलं याचं उपयोगिता प्रमाणपत्र) सापडेल. जीएफआर १२-ए (यूसीचा ठरलेला नमुना) मधला खर्च, पीएफएमएसवरच्या (सरकारी निधीचा हिशेब ठेवणारी ऑनलाइन प्रणाली) नोंदी आणि खर्चाचं विवरणपत्र हे तिन्ही आकडे रुपयापर्यंत जुळतात का, पाहा. खात्यावर जमलेलं व्याज भारतकोशवरून (सरकारला पैसे भरायचं पोर्टल) परत भरलंय का? आणि ऑर्डर दिली पण बिल चुकतं झालं नाही, अशी रक्कम ‘खर्च’ म्हणून दाखवलीय का? ही चूक फार होते.

पेट्रीडिश
व्याज भरायचं राहिलंय, आत्ता पाहिलं. तोवर पगार देणगीतून दिले तर?

खर्डेघाशी
द्या, पण कॉर्पसला हात लावू नका. ट्रस्टच्या सर्वसाधारण निधीतून, विश्वस्तांच्या ठरावाने, प्रकल्पाला ‘येणे’ म्हणून दाखवा. हप्ता आला की तेवढीच रक्कम परत घ्या. त्याआधी मंजुरीपत्रात अशी प्रतिपूर्ती चालते का ते बघा. शिवाय प्रत्येक बिलावर ‘प्रकल्प क्र. … मधून अदा’ असा शिक्का मारा. एकच बिल दोन विवरणपत्रांत गेलं की लेखापरीक्षक दोन्हीकडचं नामंजूर करू शकतो.

मायक्रोलिटर
उपकरणाच्या रकान्यातली शिल्लक परस्पर पगाराला वळवू नका, निधी देणाऱ्या संस्थेची लेखी परवानगी लागते.

सातबारा
सीएसआरबद्दल. विद्यापीठं आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांना कंपनी कायद्याच्या परिशिष्ट सातमधल्या (सीएसआरला चालणाऱ्या कामांची यादी) नवव्या बाबीखाली मिळतं, पण त्या सरकारी पैशावर चालणाऱ्या हव्यात. तुमचा ट्रस्ट खासगी. त्यामुळे एकतर सरकारी निधी असलेल्या प्रकल्पाला जोडून मागा, नाहीतर प्रशिक्षण किंवा पाणी-तपासणीसारखं काम शिक्षण-आरोग्याच्या बाबीखाली बसवा. सीएसआर-१ (सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेचा अर्ज) नोंदणी आधी करा. यंत्र कंपनीच्या नावावर राहू शकत नाही, ते ट्रस्टच्याच नावावर हवं. आणि कंपनी ‘निष्कर्षांचे हक्क आम्हाला’ म्हणाली तर ते सीएसआर नव्हे, कंत्राटी संशोधन झालं. त्याचं वेगळं बिल करा आणि जीएसटी किती लागतो ते सीएला आधीच विचारा.